यात्रेची चूल आणि महिला मंडळ

मुंबई-आग्रा मार्गावर धुळ्याच्या उत्तरेस सुमारे २० किलोमीटरवर वसलेल्या सोनगीरचे नाव खान्देशात दोन गोष्टींसाठी घेतले जाते. एक, गावालगतच्या टेकडीवरील किल्ला. आणि दुसरी, तांब्या-पितळेची भांडी. किल्ल्याविषयी लिहिणारे पुष्कळ झाले. तांबट-कारागिरांच्या हातोडीविषयीही थोडेफार लिहिले गेले. परंतु ती घडवलेली भांडी ज्या हातांत पुढे जन्मभर फिरली, त्या हातांचा इतिहास कोणी लिहून ठेवल्याचे फारसे आढळत नाही. मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या निमित्ताने निघणाऱ्या स्मरणिकेत देणगीदारांची यादी येते, कार्यकारिणीची छायाचित्रे येतात, आणि शेवटी ‘महिला मंडळाचे सहकार्य लाभले’ अशी एक ओळ येते. त्या एका ओळीत किती दिवसांचे काम दडलेले असते, ते येथे सांगावयाचे आहे.

खान्देशात यात्रेचा खरा हंगाम म्हणजे चैत्र-वैशाख. रब्बीचे खळे उरकलेले असते, पाऊस दूर असतो, आणि घरात दाणे आलेले असतात. चैत्री पौर्णिमेला धुळ्यात पांझरेकाठी एकवीरा देवीची यात्रा भरते. वैशाखात अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते. लहानमोठ्या गावांच्या जत्राही याच दोन महिन्यांत येतात. सारंगखेड्याची दत्तजयंतीची, घोडेबाजारासाठी गाजलेली यात्रा मात्र मार्गशीर्षातली; १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन झाल्यापासून ते गाव नंदुरबार जिल्ह्यात गेले, पण तापीकाठच्या गावांची वाट काही बदलली नाही.

पुरुषमंडळींची यात्रा पालखी निघते त्या दिवशी सुरू होते. बायकांची यात्रा त्याच्या महिना-दीड महिना आधी सुरू झालेली असते, आणि तिची सुरुवात पापडाने होते. फाल्गुन लागला की उडदाची डाळ दळून येई, पापडखार घालून पीठ भिजे, आणि ते तेलाच्या हाताने कुटून कुटून मऊ करावे लागे. एकटीदुकटीचे ते काम नव्हे. म्हणून गल्लीतल्या बायका आज हिच्या ओसरीवर, उद्या तिच्या, अशा पाळीने बसत. ज्वारीचे बिबडे, गव्हाच्या कुरडया, शेवया हे सगळे असेच पाळीने होई. जिच्याकडे पाळी, तिने चहा करावा आणि कच्च्या पिठाच्या लाट्या मुलांच्या हातावर ठेवाव्यात, एवढाच मोबदला. या बैठकीला अध्यक्षा नव्हती, वही नव्हती, नियम लिहिलेले नव्हते. तरी कोणाची पाळी कधी चुकली नाही, आणि चुकवलीच तर ती बाई वर्षभर विसरत नसे! महिला मंडळ हा शब्द गावात येण्याच्या कितीतरी आधी मंडळ गावात होते, असे म्हणावयास हरकत नाही.

यातूनच पुढे काय उभे राहू शकते, ते मुंबईत दिसले. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटावयास सुरुवात केली आणि पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली. तीच पुढे श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड ही संस्था झाली. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्या गुजराती भाषक, आणि गच्ची मुंबईची. पण लाट्या करणारे हात, लाटणारे हात आणि वाळत घालणारे हात यांची वाटणी आपल्या ओसरीवरचीच होती. फरक इतकाच की तिथे हिशेब मांडला गेला आणि मजुरी ज्या हाताने लाटले त्याच हातावर पडली.

पापड आटोपतात न आटोपतात तोच आखाजी येते. अक्षय्य तृतीयेला खान्देशात जे महत्त्व आहे ते दिवाळीलाही नाही. सालदाराचे साल आखाजीपासून आखाजीपर्यंत. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात, गौराई बसते, पितरांच्या नावाने घागर भरली जाते. खापरावरचे मांडे आणि आमरस ही त्या दिवसाची पंगत. मांडा हे एकटीच्या हातचे पक्वान्न नाही. एकीने कणीक तिंबावी, एकीने पुरण भरून तो हातावर फिरवीत फिरवीत थोर करावा, आणि एकीने चुलीवर पालथ्या घातलेल्या खापराजवळ बसून तो भाजावा. खापर कुंभाराकडून आधीच पारखून आणलेले असते. जाळ कमी-जास्त झाला की ते तडकते आणि सगळा स्वयंपाक थांबतो. माहेरी आलेल्या लेकी आणि सासरी नांदणाऱ्या सुना या दिवसांत एकत्र असतात, त्यामुळे यात्रेच्या कामाची वाटणीही बहुधा झोक्याखालीच ठरून जाई.

मग भांडी. यात्रेच्या भंडाऱ्याला लागणारी मोठी पातेली, हंडे, पराती, कढया कोणा एका घरी नसत. काही देवस्थानची, काही भाऊबंदांच्या सामाईक मालकीची, काही घराघरांतून मागून आणलेली. पितळी भांड्याला कल्हई नसेल तर त्यात आंबट वरण किंवा ताक कळकते, म्हणून यात्रेआधी कल्हईवाल्याचा भाता गावात लागे. तापलेल्या भांड्यात नवसागर टाकला की पांढरा धूर उठे, वर कथिलाची रेघ ओढली की कापसाच्या बोळ्याने ते आतून फिरवीत, आणि भांडे रुप्यासारखे उजळे. कोणत्या भांड्याची कल्हई कुठे उडाली आहे हे कल्हईवाल्याला दाखवणारी बाईच असे. पुरुषाला ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

भंडाऱ्याच्या दिवशीचे चित्र तर सर्वांनी पाहिलेले आहे. वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी. मोठ्या कढईपाशी उघड्या अंगाने पावशी फिरवणारे पुरुष असतात, आणि छायाचित्र त्यांचे निघते. ते काम कष्टाचे आहे यात शंका नाही. परंतु वांगी चिरणे, डाळ निवडणे, बट्टीचे पीठ ओवा-हळद घालून मळणे, शेकड्यांनी उंडे वळणे, लसूण सोलणे, पाणी शेंदून आणणे आणि शेवटी राखेने ती भांडी घासणे, हे आदल्या दुपारपासून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत चालते. बायकांची पंगत सर्वांत शेवटी बसे. तोवर पुष्कळदा भाजीचा तळ लागलेला असे, आणि वरणात पाणी वाढवलेले असे.

सरकारी अर्थाने महिला मंडळे गावोगाव आली ती स्वातंत्र्यानंतर. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली. पुढच्याच वर्षी, १९५३ साली, दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले. ग्रामसेविका नावाची नवी बाई खेड्यात येऊ लागली. शिवणकाम, बालवाडी, परसबाग, निर्धूर चूल हे तिचे विषय. महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या आणि मंडळांच्या नावे शिवणयंत्रे येऊ लागली. खेड्यातल्या बाईला प्रथमच सही करण्याचा कागद पुढे आला. अनेकींनी त्यावर अंगठा उठवला आणि मग अक्षरे गिरवावयास घेतली. निर्धूर चुलीचे मात्र फारसे जमले नाही. भाकरी, बट्टी आणि मांडा या तिन्हींना जो जाळ लागतो, तो त्या चुलीच्या कर्त्यांनी विचारात घेतला नव्हता.

यात्रा हे या मंडळांना आपोआप मिळालेले व्यासपीठ होते. प्रदर्शन आणि जत्रा यांची सांगड खान्देशाला नवी नव्हती. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले, तेव्हा त्याला जोडून खादी-ग्रामोद्योगांचे प्रदर्शन भरले होते आणि नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावातल्याच साहित्याने नगर सजवले होते. खेड्यातल्या हातांनी केलेली वस्तू मांडून दाखवण्यासारखी असते, ही गोष्ट खान्देशाने तिथे पाहिली. पुढे मंडळांनी यात्रेत आपापल्या परीने तेच केले. विणलेले रुमाल, मण्यांची तोरणे, पापड-लोणची मांडावयाची; रांगोळीची स्पर्धा घ्यावयाची; रात्री तमाशाच्या कनातीपासून दूर, मंदिराच्या सभामंडपात भजन म्हणावयाचे.

या हंगामातून उभा राहिलेला पैसा लहान असे, पण टिकाऊ असे. त्याची रीत जुनीच होती. मुष्टिफंड म्हणजे रोज स्वयंपाकाच्या वेळी एक मूठ दाणे वेगळ्या मडक्यात टाकणे. मूठ पन्नास ग्रॅमची धरली तरी एका घरातून वर्षाला अठरा किलो धान्य निघते, आणि शंभर घरांतून अठरा क्विंटल. महाराष्ट्रात कित्येक शाळा व वसतिगृहे अशा धान्यावर चालली. देणगी ‘अमक्या घराण्याकडून’ म्हणून लिहिली गेली, तरी मूठ उचलणारा हात रोज कोणाचा होता हे सांगावयास नको. मुठीबरोबर भिशी होती. आणि भिशीतून अनेक मंडळांनी घेतली ती भांडी. लग्नकार्याला ती भाड्याने द्यावयाची, भाड्यातून पुन्हा भांडी वाढवावयाची. सोनगीरसारख्या तांबटांच्या गावच्या बाईला पितळ ही ठेव वाटे यात नवल नाही. भांडे जुने झाले तर मोडीच्या भावाने तांबटाकडे जाई, घट धरून मजुरी दिली की नवे होऊन येई. वजन हातचे जात नसे. पुढे जर्मनची आणि स्टीलची भांडी आली. ती हलकी, कल्हई नको, घासावयास सोपी. घरोघरच्या बायकांनी ती आनंदाने घेतली, आणि तांबटाची भट्टी थंडावत गेली. यात बाईचा दोष काढणारे पुष्कळ भेटतात. चिंचेने पितळ घासून ज्यांची बोटे फुटली नाहीत, तेच बहुधा असे बोलतात.

मंडळांच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. हळदीकुंकवाला सवाष्णीच बोलावल्या गेल्या. ज्या विधवा बाईने भंडाऱ्याचे सर्वांत जड काम उपसले, तिला वाण मिळाले नाही. गावकुसाच्या रेषा मंडळाच्या सतरंजीवरही उमटल्या. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही तसे करावे म्हणून परिपत्रक काढले. ठराव ग्रामसभेने करावा लागला. महिला मंडळांनी तो कितीतरी आधी आपल्या सतरंजीवर करावयास हवा होता.

नावाचा प्रश्न आणखी जुना आहे. श्रावणात कानबाई बसते तेव्हा बऱ्याच घरांत रोटाचे धान्य घरातल्या पुरुषांच्या संख्येवर मोजतात, माणशी सव्वा मूठ. दळणारी बाई त्या मोजणीत येत नाही. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांनी जात्यावर आणि शेतात रचलेली गाणी त्यांच्या मुलाने व आप्तांनी उतरवून घेतली नसती, तर ३ डिसेंबर १९५१ रोजी त्यांच्याबरोबरच ती गेली असती. पुस्तक निघाले ते १९५२ साली. त्यांना लिहिता येत नव्हते. कानबाईच्या आणि गौराईच्या रात्री जागवणाऱ्या किती जणींना उतरवून घेणारा मुलगा लाभला नसेल!

देवस्थानला दिलेल्या भांड्यांवर मात्र नावे कोरण्याची चाल आहे. काठाखाली ठिपक्यांनी ठोकलेली अक्षरे, ‘यांचे स्मरणार्थ’, ‘यांजकडून’. त्यात क्वचित एखाद्या बाईचे नाव स्वतःच्या नावाने येते. बहुधा नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावामागे ‘मातोश्री’ किंवा ‘सौ.’ एवढेच येते. आता १ मे २०२४ पासून महाराष्ट्रात शासकीय कागदपत्रांवर आईचे नाव लावणे आवश्यक झाले आहे. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा २०११ पासून स्त्रियांच्या आहेत. १९७५ साली स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ, १९९२ पासून नाबार्डने सुरू केलेली बचत गटांची जोडणी, आणि त्यानंतरचे उमेद अभियान यांमुळे जुन्या भिशीला बँकेचे पासबुक मिळाले. यात्रेत आज ज्या गटाचा पापडाचा किंवा शेवेचा स्टॉल लागतो, त्याच्या फलकावर गटाचे नाव असते आणि खात्यावर अध्यक्षा व सचिव यांच्या सह्या असतात. एवढे झाल्यावर जीर्णोद्धाराच्या यादीतही ‘महिला मंडळ’ या दोन शब्दांऐवजी नावे यावीत, ज्यांनी उंडे वळले त्यांचीही यावीत, हे मागणे जास्तीचे ठरू नये. संगमरवरावर जागा नसेल तर स्मरणिकेचे एक पान पुरेल.

यात्रेचा शेवटचा दिवस पालखी देवळात परतली की संपला, असे पुरुष समजतात. बायकांचा त्याच्या दुसऱ्या दिवशी संपतो. घासून पालथी घातलेली भांडी उन्हात मांडलेली असतात आणि दोघी-तिघी वही घेऊन ती मोजतात. पराती इतक्या, पातेली इतकी, वाढपाच्या बादल्या इतक्या. ज्याच्या त्याच्या घरचे भांडे खुणेवरून ओळखून मुलाच्या डोक्यावर दिले जाते. एखादा झारा नेहमीच कमी भरतो. तो आठ दिवसांनी कोणाच्या तरी गोठ्यात सापडतो, आणि वहीत त्याच्यापुढे ‘मिळाला’ असे लिहिले जाते.