आवाजाची दप्तरे



वसंतात व्याख्याने भरविण्याची परंपरा न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यास १८७५ साली सुरू केली. बोललेला शब्द साठवून तो पुन्हा ऐकविणारे यंत्र एडिसनने अमेरिकेत बनविले ते १८७७ साली. हे दोन वर्षांचे अंतर मनाला चुटपुट लावून जाते. त्या पहिल्या वसंतात जे वक्ते बोलले त्यांचा आवाज सभा उठण्यापूर्वीच हवेत विरून गेला. तो राखण्याचे साधनच नव्हते. म्हणून कोणास बोल लावता येत नाही. परंतु साधन हाती असूनही जो आवाज आपण गमावतो, त्याचा बोल कोणास लावावयाचा? आज मी बोलणार आहे ते याविषयी.

एडिसनने कथिलाच्या पातळ वर्खावर आवाज उमटविला. १८८७ साली बर्लिनर याने सपाट तबकडीची कल्पना पुढे आणली, आणि एका साच्यावरून पुष्कळ प्रती छापणे पुढे शक्य झाले. १९०२ साली गाइसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा माणूस कलकत्त्यास आला व त्याने गौहरजानचे गाणे मुद्रित केले. या तबकड्यांत लाख असे, आणि लाख हा तर आपल्याच देशातील झाडांवरचा जिन्नस. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मिळत. तासभर फुलणारा राग तेवढ्यात बसवावा लागे. तरीही जे बसले ते उरले. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. तोवर तबकड्यांचा धंदा आपल्या देशात वीस वर्षे चालला होता. पण बुवांच्या गळ्याची एकही तबकडी आज उपलब्ध नाही. मास्तर कृष्णराव, बालगंधर्व हे त्यांचे शिष्य आपण ऐकतो आणि गुरूचा नुसता अंदाज करतो.

कोणाचा आवाज राखावयाचा हे तोपर्यंत कंपनी ठरवीत असे. जर्मनीत १९३५ साली लोहयुक्त लेप दिलेल्या फितीवर मुद्रण करणारे यंत्र लोकांपुढे आले, आणि १९६३ साली फिलिप्स कंपनीने खिशात मावणारी कॅसेट काढली. तिच्यातील फीत चार मिलिमीटरांहूनही अरुंद, चाल सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर. वस्तू क्षुल्लक, पण इतिहासाच्या दृष्टीने तिने मोठी उलथापालथ केली. निवड करण्याचा अधिकार कंपनीच्या हातून घराच्या हाती आला. १९८० नंतरच्या दशकात आपल्या गावोगावी टेपरेकॉर्डर पोहोचले, आणि आजीच्या जात्यावरच्या ओव्या, देवळातले कीर्तन, बारशाचा पाळणा, परगावच्या मुलास पत्राऐवजी धाडलेली खुशाली, हे सारे त्या फितींवर उतरले. बाजारात विकलेल्या तबकडीच्या शेकडो प्रती कोठे ना कोठे सापडतील. आजीच्या ओव्यांची प्रत मात्र जगात एकच असते, आणि ती बहुधा माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात असते.

इतिहासाचार्य राजवाडे अशाच माळ्यांसाठी गावोगाव हिंडले. वाईस हाती लागलेल्या पत्रांतून त्यांच्या साधनांचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पानिपताच्या इतिहासास नवा पाया मिळाला. कागदास वाळवी लागते, तशी फितीसही लागते: लेप सुटतो, बुरशी धरते. शिवाय कागद वाचावयास डोळे पुरतात; फितीस यंत्र लागते, आणि चालू स्थितीतले यंत्र व ते दुरुस्त करणारा कारागीर दिवसेंदिवस दुर्मिळ होत आहेत.

उपाय अवघड नाही. तबकडीची खाच किंवा फितीवरचे चुंबकत्व आवाजाच्या लाटेबरोबर कमीजास्त होते. संगणक ती लाट सेकंदाला हजारो वेळा मोजतो आणि प्रत्येक मापाचा आकडा लिहून ठेवतो. १९८२ साली आलेल्या सीडीत अशी ४४,१०० मापे दर सेकंदास असतात. फितीवरून फीत उतरविली की दर खेपेस खरखर वाढते. आकड्यांची नक्कल मात्र अचूक झाली तर मुळाशी तंतोतंत जुळते. सारा लाभ या एका गोष्टीत आहे.

घरी हे काम करणाऱ्याने प्रथम टेपरेकॉर्डरचे हेड स्पिरिटने पुसून घ्यावे, आणि तेथून तार संगणकास जोडावी. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटे द्यावीच लागतात. येथे घाई चालत नाही. आवाजाची पातळी थोडी कमीच ठेवावी, कारण मर्यादेबाहेर गेलेला आवाज आकड्यांत चिरडला जातो आणि तो मागाहून नीट होत नाही. पहिली प्रत वेव्ह या प्रकारात, काही न गाळता ठेवावी. एमपी-थ्री आकाराने लहान खरी, पण ती आवाजातील काही भाग टाकून देते. खरखर काढण्याचा मोह आवरावा. बेताने न केल्यास तंबोऱ्याचा अखंड झंकारही खरखर समजून पुसला जातो. ती सफाई करावयाचीच तर दुसऱ्या प्रतीवर करावी. आणि कोण बोलत आहे, कोठे, कोणत्या साली, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. नाव नसलेला आवाज म्हणजे तारीख नसलेले पत्र.

एवढे केले म्हणजे आवाज अमर झाला, असे मात्र कोणी समजू नये. १९८६ साली बी.बी.सी.ने इंग्लंडच्या लोकजीवनाची मोठी नोंद लेसर तबकड्यांवर केली. थोड्याच वर्षांत त्या वाचणारी यंत्रे मिळेनाशी झाली आणि ती नोंद सोडविण्यास तज्ज्ञांना खटपट करावी लागली. त्याच देशातील अकराव्या शतकाचे डूम्सडे बुक मात्र आजही उघडून वाचता येते! म्हणून प्रती तीन कराव्यात, एक दुसऱ्या घरी ठेवावी, दर काही वर्षांनी त्या नव्या साधनावर उतरवाव्यात, आणि मूळ फीत फेकून देऊ नये. जतन ही एकदा करून मोकळे होण्याची गोष्ट नव्हे. देवघरातल्या दिव्यासारखे तिच्यात पुनःपुन्हा तेल घालावे लागते.

राजवाड्यांना परक्यांच्या माळ्यावर चढावे लागले. आपणांस आपल्याच माळ्यावर चढावयाचे आहे. फितीतला माणूस ओळखणारे कोणी घरात आहे, तोवर ते करावे, एवढीच माझी विनंती आहे.