सरोवरांतील शेती

मेक्सिकोच्या सरोवरांतील आझ्टेक लोकांच्या ‘तरंगत्या बागां’विषयीं आपण ऐकलें असेल. कल्पना मोहक खरी, पण त्या बागा तरंगत नसत. उथळ पाण्यांत खुंट रोवून, त्यांच्यामध्यें पाणवनस्पति व तळचा चिखल थरावर थर टाकून हे लोक ‘चिनांपा’ नांवाचीं लांबट शेतें तयार करीत. कांठावरील वाळुंजांचीं मुळें माती धरून ठेवीत. शेजारच्या कालव्यांतला गाळ हेंच खत. म्हणून मका, घेवडा, मिरची हीं पिकें वर्षांतून अनेकदां निघत. १५२१ सालीं त्यांची राजधानी टेनोच्टिट्लान जिंकणाऱ्या स्पॅनिशांना मात्र हें पाणी शत्रु वाटलें. १६०७ मध्यें त्यांनीं तें बाहेर काढण्याचें काम आरंभिलें. तरीहि १६२९ च्या पुरांत शहर कित्येक वर्षें बुडून राहिलें. आज सोचिमिल्को येथें उरलेल्या चिनांपांवर शेतकरी होडींतून गाळ आणून रोपांचे वाफे करितात.