नवरा फौजेत, घरात छळ : दाद कुठं मागायची?

कळंबा (ता. करवीर) : कोल्हापूर जिल्ह्यात गावोगावी फौजी आहेत. शिरोळ तालुक्यातल्या एका गावाचं तर नावच सैनिक टाकळी. पण घरात छळ होतो तेव्हा "फौजीवर केस होत नाही" असं सांगून बाईला गप्प बसवतात. हे खरं नाही. दाद मागायचे दोन रस्ते आहेत आणि दोन्ही एकाच वेळी धरता येतात.

कोर्टाचा रस्ता
कौटुंबिक हिंसाचार कायदा 2005 चा असून 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. मारहाणच नव्हे, तर शिवीगाळ, घरखर्च अडवणं, घराबाहेर काढणं हीसुद्धा हिंसाच. संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा पोलिसांकडे तक्रार करता येते. नवऱ्याचं पोस्टिंग जम्मूला असलं तरी बाई जिथं राहते, अगदी माहेरी असली तरी, तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज चालतो. छळ करणाऱ्या सासरच्या माणसांविरुद्धही दाद मागता येते. संरक्षणाचा आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा 20 हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. महिलांना विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो.

फौजेचा रस्ता
आर्मी ॲक्ट 1950 च्या कलम 28 नुसार दिवाणी कोर्टाला फौजीचा पगार जप्त करता येत नाही. बरेच जण इथंच हात टेकतात. पण त्याच कायद्याच्या कलम 90 आणि 91 नुसार बायको-मुलांच्या पोटगीसाठी लष्कर स्वतः पगारातून रक्कम कापू शकतं. बायकोला 22 टक्क्यांपर्यंत, प्रत्येक मुलाला साडेपाच टक्के, एकूण 33 टक्क्यांच्या आत. त्यासाठी बायकोने युनिटच्या कमांडिंग ऑफिसरला लेखी अर्ज करायचा. जवानाची बाजू ऐकून वरिष्ठ अधिकारी निर्णय देतात. अर्ज कसा पाठवायचा हे कळत नसेल तर कोल्हापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावं. नवरा निवृत्त झाला असेल तर पगारकपात होत नाही, कोर्टाचा रस्ता मात्र खुलाच राहतो.

जवळ काय ठेवावं?
नवऱ्याचा आर्मी नंबर, युनिटचा पत्ता, लग्नाचा पुरावा, मुलांचे जन्मदाखले, बँक पासबुक, दवाखान्याचे कागद आणि पोलीस तक्रारीची प्रत. आर्मी नंबर आणि युनिटचा पत्ता आधीच लिहून ठेवावा. भांडण पेटल्यावर तो कुणी देत नाही.

जिवाला धोका असेल तर आधी 112 ला फोन करावा. महिला हेल्पलाइन 181.