रिंगण आणि क्रीडांगण

तुकोबारायांची पालखी आषाढी वारीच्या वाटेवर बारामती मागें टाकून इंदापूर तालुक्यांत शिरली म्हणजे बेलवाडीस गोल रिंगण होतें. मोकळ्या जागेभोंवतीं माणसेंच कडें करून उभीं राहतात. पताकावाले, तुळशीवाल्या स्त्रिया, विणेकरी आणि अश्व त्यांत धांवतात. या कड्यास भिंत नाहीं आणि तिकीटही नाहीं.

क्रीडांगणाची कथा निराळी आहे. भिंत आली कीं दार येतें, आणि दार आलें कीं आंत कोणीं यावें हें ठरविणाराही येतो.

बाळू पालवणकर हे चर्मकार समाजांत जन्मलेले गोलंदाज पुण्याच्या हिंदु संघाकडून खेळत. मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू सर्वांस चाले. चहाच्या वेळीं मात्र त्यांस बाहेर, वेगळ्या मातीच्या पात्रांत चहा मिळे. १९११ सालच्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं शंभराहून अधिक बळी घेतले. तथापि मुंबईच्या सामन्यांत हिंदु संघाचें नायकपद त्यांस लाभलें नाहीं. तें १९२३ सालीं त्यांचे बंधु विठ्ठल यांस मिळालें. अमेरिकेंतही बेसबॉलच्या प्रमुख संघांचीं दारें कृष्णवर्णीयांस दीर्घकाळ बंद होतीं. १९४७ सालीं जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर उतरले, तेव्हां तीं उघडूं लागलीं.

खेळाडूंमागून प्रश्न आला तो प्रेक्षकांच्या आसनांचा. ब्रेबॉर्न स्टेडियमवरील जागांच्या वांटणीवरून मुंबई क्रिकेट असोसिएशन व क्रिकेट क्लब ऑफ इंडिया यांचें बिनसलें. तेव्हां राजकारणांतील वजनदार पुढारी शेषराव वानखेडे यांच्या पुढाकारानें जवळच दुसरें स्टेडियम उभें राहिलें. १९७५ सालीं तेथें पहिला कसोटी सामना झाला. मैदान आणि सत्ता यांचें सख्य तेव्हांपासून अधिकच दृढ झालें. बारामतीचे शरद पवार २००५ ते २००८ भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे, आणि २०१० ते २०१२ आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे अध्यक्ष होते.

त्याच बारामतींत २०२० च्या फेब्रुवारींत महाराष्ट्र व उत्तराखंड यांचा रणजी सामना झाला. त्या क्रीडासंकुलास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें नांव आहे. ज्या खेळांत बाळूंना चहासाठीं बाहेर उभें राहावें लागलें, त्या खेळाच्या दारावर हें नांव यावें, हा लहानसा बदल नव्हे. परंतु नांवानें दार उघडत नाहीं. इंदापूरच्या उसाच्या फडांत राबणाऱ्याची मुलगी बॅट घेऊन त्या दाराशीं आली, तर तिला आंत जागा मिळेल काय? आमच्या मतें, क्रीडांगणाचा इतिहास लिहितांना आसनांच्या संख्येपेक्षां याच प्रश्नाच्या उत्तरास अधिक मोल द्यावें.