काळ्या पाण्यापलीकडचा एकांत

ठाणेकर राहतो तेच मुळी एका बेटावर, पण हे सहसा त्याच्या ध्यानी नसते. साष्टी बेटाच्या पूर्व कडेला ठाणे वसले आहे आणि कळव्याच्या अलीकडची खाडी ही त्या बेटाची सीमा. १ मे १८५४ रोजी ठाणे-कल्याण लोहमार्ग खुला झाला आणि बेट मुख्य भूमीशी रुळांनी जोडले गेले. आज डोंबिवलीचा चाकरमानी रोज सकाळी खाडीपूल ओलांडून बेटावर येतो आणि रात्री पुन्हा मुख्य भूमीवर परततो. बेट म्हटल्यावर जो निवांतपणा मनात येतो, तो मात्र या प्रवासात कुठेच नसतो. दोन खोल्यांच्या घरात चार-पाच माणसे, संध्याकाळी तलावपाळीच्या कठड्यावर खांद्याला खांदा लावून बसलेली जोडपी, असा इथला एकांत. त्यामुळे लग्नाची तारीख ठरली की आठ दिवस तरी कुणीही दार ठोठावणार नाही अशा जागेचा शोध सुरू होतो आणि तो बरेचदा अंदमानपाशी येऊन थांबतो.

एके काळी ठाण्याहून अंदमानला जाणारी माणसे मधुचंद्राला जात नसत. ठाण्याच्या जुन्या किल्ल्यातील कारागृहात स्वातंत्र्यवीर सावरकरांना ठेवण्यात आले होते. तेथून मद्रासमार्गे ‘महाराजा’ या बोटीने त्यांना अंदमानात नेले गेले आणि जुलै १९११ मध्ये ते सेल्युलर जेलमध्ये दाखल झाले. १९०६ साली बांधून पूर्ण झालेल्या त्या तुरुंगाने ‘काळे पाणी’ हा शब्द मराठी मनात कायमचा कोरला. त्याच पाण्यावर आता नवपरिणीत जोडपी छायाचित्रे काढतात. यात विपरीत असे काही नाही. तुरुंग तरी माणसांपासून तोडण्यासाठीच दूर बेटावर बांधला होता, आणि जोडप्यांनाही हवी असते ती तीच दूरता, फक्त स्वेच्छेची.

अंदमान-निकोबारमध्ये पाचशेहून अधिक बेटे आहेत आणि मनुष्यवस्ती त्यांपैकी सुमारे तीस बेटांवरच आहे. म्हणून पर्यटकाला हवे तिथे उतरून राहता येते असे मात्र नाही. अनेक बेटे राखीव वने आहेत आणि आदिवासींच्या राखीव क्षेत्रात १९५६ च्या कायद्यान्वये परवानगीवाचून पाऊल ठेवता येत नाही. समुद्रकाठच्या कॉटेजमध्ये राहण्याचे सर्वांत परिचित ठिकाण म्हणजे स्वराज द्वीप, अर्थात पूर्वीचे हॅवलॉक. १८५७ च्या उठावात लढलेल्या इंग्रज सेनानीचे ते नाव डिसेंबर २०१८ मध्ये बदलण्यात आले. पोर्ट ब्लेअरचेही सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम असे नामांतर झाले आहे.

फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना १९५० च्या दशकात स्वराज द्वीपावर वसवण्यात आले. गोविंदनगर, विजयनगर, राधानगर, श्यामनगर, कृष्णनगर ही गावांची नावे त्यांचीच. किनारे मात्र आजही क्रमांकांनी ओळखले जातात: तीन नंबर, पाच नंबर, सात नंबर. फलाटांच्या क्रमांकांवर दिवस काढणाऱ्या डोंबिवलीकराला हे ऐकून क्षणभर घरच्यासारखे वाटावे!

राहण्याची जागा निवडताना हे क्रमांक लक्षात ठेवणे अगत्याचे. बहुतेक कॉटेजेस पूर्व किनाऱ्यावर, गोविंदनगर ते विजयनगर या पट्ट्यात आहेत. बांबू, लाकूड आणि झावळ्यांच्या या झोपड्यांपैकी काही जमिनीपासून उंच खांबांवर उभ्या असतात. निकोबारी लोकांच्या घुमटाकार घरांची ती उसनी घडण आहे. माडांच्या सावलीत ओसरी, ओसरीसमोर वाळू आणि उगवता सूर्य थेट उशाशी. छायाचित्रात हे दृश्य अप्रतिम दिसते. छायाचित्रात दिसत नाही ती ओहोटी. पाच नंबरच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी पाणी दूरवर मागे सरते, मृत प्रवाळांचे खडबडीत खडक उघडे पडतात आणि पोहणे अशक्य होते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास हे अंतर सर्वांत जास्त असते. घरच्या भिंतीवरची दिनदर्शिका एकदा पाहून तारखा ठरवल्या तर पुढची निराशा टळते. वाळूतल्या बारीक माश्यांचा उपद्रवही कुणी आधी सांगत नाही. त्यांचे चावे आठवडाभर खाजतात.

पश्चिमेचा सात नंबर, म्हणजे राधानगर, ही वेगळीच सृष्टी आहे. शुभ्र, मऊ वाळूचा रुंद पट्टा आणि त्याच्या मागे स्थानिक लोक ‘सी महुआ’ म्हणतात त्या प्रचंड वृक्षांची भिंत. ‘टाइम’ साप्ताहिकाने २००४ साली हा आशियातील सर्वोत्तम किनारा असल्याचा निर्वाळा दिला आणि तेव्हापासून गर्दी वाढतच गेली. तिथे राहण्याच्या सोयी मोजक्या आणि महाग आहेत. धक्क्यापासून सुमारे १२ किलोमीटरवरच्या या किनाऱ्यावर जो तो सूर्यास्तालाच येतो. त्यामुळे खरा एकांत मिळतो तो सकाळी. येथे घड्याळाचीही एक गंमत आहे. अंदमान आपल्यापेक्षा सुमारे वीस रेखांश पूर्वेला असूनही घड्याळ तेच, म्हणून डिसेंबरात तेथे सूर्य पाचच्या सुमारास मावळतो, डोंबिवलीच्या तासभर आधी. पहाट मात्र साडेपाचच्या आसपास होते. लोकलसाठी लवकर उठण्याची सवय इथे पहिल्यांदाच सत्कारणी लागते.

दूरध्वनीही न लागणारे बेट ही हॅवलॉकची जुनी ख्याती होती. ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून आलेली केबल सुरू झाली, ती स्वराज द्वीपापर्यंत पोहोचली आहे. कार्यालयाचा फोन येणारच नाही, ही सबब त्यानंतर उरलेली नाही.

समुद्र मात्र अजून कुणाचे ऐकत नाही. डिसेंबर २०१६ च्या सुरुवातीला बंगालच्या उपसागरातील वादळी हवामानामुळे बोटी बंद पडल्या आणि हजाराहून अधिक पर्यटक हॅवलॉक व नील या बेटांवर अडकले. नौदल, तटरक्षक दल आणि हवाई दलाने त्यांची सुटका केली. तेच वादळ पुढे ‘वरदा’ नावाने चेन्नईवर आदळले. एकांत हवा म्हणून गेलेल्यांना तो काही दिवस सक्तीने भोगावा लागला. मुंबईचा पावसाळा सप्टेंबरअखेर संपतो म्हणून दिवाळीनंतर तिथेही कोरडे असेल, हा समज फसवा आहे. अंदमानला नैर्ऋत्य आणि ईशान्य अशा दोन्ही मोसमी वाऱ्यांचा पाऊस मिळतो. जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंतचा काळ त्यातल्या त्यात भरवशाचा.

पाण्यात उतरतानाही सावधगिरी हवी. एप्रिल २०१० मध्ये राधानगरजवळच्या छोट्या खाडीत पोहणाऱ्या एका अमेरिकन तरुणीचा खाऱ्या पाण्यातील मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. जीवरक्षकांनी मनाई केलेल्या भागात, विशेषतः तिवरांच्या आणि ओढ्यांच्या मुखाशी, एकांत कितीही मोहक वाटला तरी जाऊ नये. प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून बॅगेत टाकणे हा तर गुन्हाच. २००१ पासून प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. २०१० साली समुद्राचे पाणी तापून तिथल्या प्रवाळांची मोठी हानी झाली होती. त्यामुळे उरलेल्यावर पाय देऊन उभे राहणाऱ्यांना डुबकीचे प्रशिक्षक खडसावतात, ते योग्यच.

मुंबईहून विमानाने श्री विजयपुरमला पोहोचल्यावर पुढचा सुमारे ४० किलोमीटरचा टप्पा बोटीचा. खासगी कॅटमरानला साधारण दीड तास, सरकारी फेरीबोटीला त्याहून अधिक. चेन्नई, कोलकाता वा विशाखापट्टणमहून जहाजानेही येता येते, पण त्याला तीनेक दिवस लागतात. लग्नाच्या रजेत ते बसणे कठीण. भारतीय नागरिकाला स्वराज द्वीपासाठी परवाना लागत नाही. ओळखपत्र मात्र बोटीवर चढताना दाखवावे लागते. परतीचे विमान ज्या दिवशी असेल त्याच सकाळच्या बोटीवर विसंबू नये. आदला दिवस श्री विजयपुरमसाठी राखावा. बोट चुकली तर तो उपयोगी पडतो, आणि वेळेवर सुटली तर सेल्युलर जेलच्या कोठड्यांमधून निवांत फिरायला सबंध दुपार हाती राहते.