आजऱ्याच्या रूपाचे बेट : आभासी गाव वसविण्याआधीचा आराखडा

दिवाळीच्या सुटीत अंगणात किल्ला उभारताना कोल्हापूर जिल्ह्यातील मुलांपुढे पहिला प्रश्न असतो तो यंदा कोणता किल्ला करायचा, हा. पन्हाळा ठरला की तटबंदीचा विस्तार ठरतो. सिंधुदुर्ग ठरला की भोवती पाणी साठविण्याची सोय पाहावी लागते. दगड, विटांचे तुकडे, पोती आणि तांबडी माती त्यानंतर येतात. अळीव किंवा मोहरी पेरली जाते आणि मावळे सर्वांत शेवटी उभे राहतात. निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या 'ॲनिमल क्रॉसिंग : न्यू होरायझन्स' या व्हिडिओ गेममध्ये एखाद्या विषयाला धरून बेट वसविण्याची रीत याहून फारशी निराळी नाही. आजरा परिसराचे रूप अशा बेटावर उतरवायचे झाल्यास आराखडा कसा आखावा लागेल, याचा हा परिचय.

खेळाचा जन्म

या मालिकेतील पहिला खेळ १४ एप्रिल २००१ रोजी जपानमध्ये 'निन्टेन्डो ६४' या यंत्रासाठी प्रसिद्ध झाला. त्याचे एक निर्माते कात्सुया एगुची हे नोकरीसाठी चिबा सोडून क्योटो येथे आले होते. घरची माणसे आणि मित्र मागे राहिल्याची जाणीव त्यांना होती व त्या जाणिवेतूनच या खेळाची कल्पना सुचल्याचे त्यांनी सांगितले आहे. आजरा, चंदगड, गडहिंग्लज, भुदरगड या तालुक्यांतून पिढ्यान्‌पिढ्या गिरणीकामासाठी मुंबई गाठलेल्या कुटुंबांना ही भावना परकी वाटू नये.

आया क्योगोकु यांच्या दिग्दर्शनाखालील 'न्यू होरायझन्स' २० मार्च २०२० रोजी बाजारात आला. जगभर टाळेबंदी लागू होत असतानाच आलेल्या या खेळाच्या ४ कोटी ५० लाखांहून अधिक प्रती पुढील काही वर्षांत विकल्या गेल्या. त्यात शत्रू नाही, लढाई नाही, जिंकण्या-हरण्याचा हिशेबही नाही. खेळाडू एका निर्जन बेटावर उतरतो, झाडे लावतो, मासे पकडतो, घर बांधतो. जास्तीत जास्त दहा प्राणी त्याचे शेजारी म्हणून राहावयास येतात. खेळातील दिवस-रात्र आणि ऋतू खऱ्या घड्याळाबरोबर व दिनदर्शिकेबरोबर चालतात.

आधी न हलणाऱ्या गोष्टी

बेटाचा नकाशा आडवा सात आणि उभा सहा अशा ४२ भागांत विभागलेला असतो. प्रत्येक भागात १६ गुणिले १६ चौकोन असतात. म्हणजे एकूण विस्तार ११२ गुणिले ९६ चौकोनांचा. त्यातील मोठा वाटा समुद्र व वाळू यांत जातो, हे नवख्या खेळाडूच्या उशिरा ध्यानात येते.

प्रारंभी खेळाडूपुढे चार नकाशे ठेवले जातात. ही निवड घाईने करू नये, कारण काही गोष्टी पुढे कधीच बदलता येत नाहीत. विमानतळ, किनाऱ्याची वाळू व खडक, नद्यांची दोन मुखे आणि रहिवासी सेवा केंद्राची इमारत आपल्या जागी कायम राहतात. बाकीची नदी, कडे, घरे, दुकाने व संग्रहालय हलविता येते.

आजऱ्याच्या आराखड्यात हाच मुद्दा निर्णायक ठरतो. हिरण्यकेशी आंबोलीजवळ उगम पावून पूर्वेकडे वाहत येते आणि आजरा व गडहिंग्लज ओलांडून पुढे कर्नाटकात घटप्रभेला मिळते. म्हणून ज्या नकाशात नदीचे एक मुख पूर्वेला आहे, तोच पत्करावा. दोन्ही मुखे दक्षिणेला असलेला नकाशा घेतल्यास नदी कितीही वळविली तरी तिची मूळ दिशा चुकते आणि परिसर ओळखणाऱ्याला ते पहिल्या दृष्टिक्षेपात खटकते.

विषय म्हणजे वगळणे

विषय निवडणे म्हणजे काय ठेवायचे याबरोबरच काय सोडायचे हे ठरविणे होय. आजऱ्याची खूण म्हणून हिरण्यकेशी, गावाजवळचे रामतीर्थ, उतारावरची भातखाचरे, काजूच्या बागा व कौलारू वस्ती एवढे पुरे आहे. याला पन्हाळा, महालक्ष्मीचे मंदिर आणि रंकाळा जोडला, तर बेट साऱ्या कोल्हापूर जिल्ह्याचे होते. आजऱ्याचे राहत नाही.

कागदावर चौकोनांची जाळी आखून प्रथम नदी, मग उंचवटे, मग रस्ते, त्यानंतर इमारती आणि अखेरीस झाडे व शोभेच्या वस्तू असा क्रम ठेवावा. प्राणी-शेजाऱ्याचे घर ४ गुणिले ४ चौकोनांचे, तर संग्रहालय ७ गुणिले ४ चौकोनांचे असते. दहा घरांची जागा आधी राखून न ठेवल्यास पुढे नदीच बुजवावी लागते.

पाणी, कडे आणि पूल

जमिनीला आकार देण्याची मुभा आरंभापासून मिळत नाही. बेटाला तीन तारे मिळाल्यावर के. के. स्लायडर या गायक कुत्र्याची मैफल होते आणि त्यानंतर हे साधन हाती येते. पाणी व कडे यांसाठी स्वतंत्र परवाने घ्यावे लागतात. प्रत्येकाची किंमत ६,००० नूक माइल्स इतकी असते.

रामतीर्थाचा प्रवाह खडकांच्या पायऱ्यांवरून उतरतो. खेळात कड्याच्या काठापर्यंत पाणी आणले की धबधबा आपोआप तयार होतो. मात्र एकच उंच धार दाखविण्याऐवजी अरुंद, पुढेमागे सरकलेले टप्पे केल्यास मूळ स्थळाशी अधिक साम्य साधते. पुलासाठी नदीची रुंदी तीन ते पाच चौकोनांच्या मर्यादेत असावी लागते. पूल व चढाव यांची मर्यादा आरंभी प्रत्येकी आठ होती. नोव्हेंबर २०२१ मधील सुधारणेनंतर ती प्रत्येकी दहा झाली. म्हणूनच आराखड्यात नदी जितकी अधिक फिरवावी, तितके पूल लवकर संपतात.

भात नाही, ऊस आहे

त्याच सुधारणेने खेळातील शेती वाढविली. भोपळा, टोमॅटो, गहू, ऊस, बटाटा व गाजर ही पिके त्यात आहेत. आजऱ्याच्या दृष्टीने उसाची सोय झाली, पण भात नाही. आणि आजरा घनसाळ या सुवासिक तांदळाला तर २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ही उणीव दोन प्रकारे भरून काढता येते. पिकलेल्या भाताच्या रंगासाठी गहू लावावा; किंवा जमिनीवर अंथरण्याची नक्षी स्वतः रेखाटावी. अशी नक्षी ३२ गुणिले ३२ ठिपक्यांची असते व तीत १५ रंग वापरता येतात. पाण्याने भरलेले खाचर, कोवळा तरवा व बांध यांच्या तीन नक्ष्या आलटून-पालटून मांडल्या, तर उतारावरची शेती ओळखू येते.

शेजारी निवडतानाही विषय सांभाळता येतो. प्राण्यांमध्ये हत्ती आहेत, बैल आहेत. आजऱ्याच्या जंगलात वावरणाऱ्या हत्तीमुळे पिकांचे होणारे नुकसान शेतकऱ्यांना चांगलेच ठाऊक आहे. खेळातला हत्ती मात्र टोपी घालून दारात उभा राहतो आणि हवापाण्याची चौकशी करतो.

काही उणिवांवर उपाय नाही. महिनोन्‌महिने कोसळणारा पावसाळा या खेळात नाही. उलट उत्तर गोलार्ध निवडल्यास डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या उत्तरार्धापर्यंत सारे बेट बर्फाने झाकले जाते. भातखाचरांवर बर्फ पाहावयाचा नसेल, तर बेट दाखविण्याचे दिवस उन्हाळ्यातले ठेवावेत. जुलै २०२० पासून बेटाची प्रत 'स्वप्न' म्हणून इतरांसाठी खुली करता येते. त्यामुळे हिरव्या दिवसांतली प्रत जतन करून परगावच्या आप्तांना दाखविणे शक्य झाले आहे.

घर हलविण्याची किंमत

आराखडा चुकला तरी खेळात फारसे बिघडत नाही. ५०,००० बेल हे खेळातील चलन मोजले की शेजाऱ्याचे घर हलते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नव्या जागी तयार असते आणि शेजारी तक्रार करीत नाही. आजरा तालुक्याने मात्र चित्री, आंबेओहोळ, उचंगी, सर्फनाला अशा प्रकल्पांच्या निमित्ताने घर हलणे म्हणजे काय, ते प्रत्यक्ष अनुभवले आहे. पाण्याची गरज खरी होती. त्याचबरोबर जमीन आणि पुनर्वसनाचे प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळले, आंदोलने झाली आणि कामे थांबली, हेही तितकेच खरे आहे.

म्हणून या परिसराचे बेट आखताना एक पथ्य पाळण्यासारखे आहे. नदी सोयीने वळवून घरे तिच्यामागे फिरविण्यापेक्षा नदी जिथे आहे तिथे मानावी आणि वस्ती तिच्या काठाने बसवावी. अशा बेटावर पूल कमी लागतात, मोकळी जागा उरते आणि दुरून पाहणाऱ्या आजरेकराला आपले गाव ओळखण्यासाठी पाटी वाचावी लागत नाही.