दोषाची हुबेहूब नक्कल

1964 साली लंडनमधील डेव्ह डेव्हिस या तरुण गिटारवादकाने आपल्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरच्या कर्ण्याचा कागदी शंकू दाढीच्या पात्याने चिरला. त्यातून निघणारा खरखरीत, फाटका आवाजच त्याला हवा होता. ‘द किंक्स’ या त्याच्या वाद्यवृंदाची त्या आवाजातील ध्वनिमुद्रिका त्याच वर्षी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचली. एरवी ज्यासाठी कर्णा दुरुस्तीला टाकला असता, तो दोषच गुण ठरला. पुढे तीस वर्षांनी हा दोष संगणकाला शिकवण्याची वेळ आली, तेव्हा तो किती गुंतागुंतीचा आहे ते कळले. ती हकिगत आपण पाहू या.

अ‍ॅम्प्लिफायरचे काम म्हणजे आलेल्या संकेताचा आकार न बदलता तो मोठा करणे. जुन्या रेडिओप्रमाणे गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्येही व्हॉल्व्ह असत. व्हॉल्व्हला मिळणारा वीजदाब मर्यादित असतो. त्यामुळे संकेत फार मोठा झाला की लाटेचे माथे आणि तळ चपटे होतात. लाटेचा आकार बदलला की मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा वारंवारतांचे नवे स्वर तिच्यात उमटतात. त्यांना संनादी स्वर म्हणतात. एवढेच नव्हे, 200 हर्ट्‌झचा षड्ज आणि 300 हर्ट्‌झचा पंचम एकत्र पाठवले, तर त्यांच्या वजाबाकीचा 100 हर्ट्‌झचा स्वरही निघतो. हा खालच्या सप्तकातील षड्ज कोणी वाजवलेलाच नसतो! रॉक संगीतातील दोन तारांचा नाद इतका भरदार का वाटतो, याचे एक कारण हे आहे.

वर्गात आपण ओहमचा नियम शिकवतो. दाब दुप्पट केला की प्रवाह दुप्पट होतो. अशा सरळ नात्याला रेषीय म्हणतात. रेषीय यंत्रणेचा स्वभाव ओळखणे सोपे असते. टाळीसारखा एक क्षणिक संकेत देऊन प्रतिसाद नोंदवला, की इतर कोणत्याही संकेताचे काय होईल ते गणिताने काढता येते. गिटारचा कर्णा आणि त्याची पेटी बऱ्याच अंशी अशी असते. व्हॉल्व्ह मात्र तसा नाही. हलक्या आघाताला त्याचे उत्तर वेगळे, जोरकस आघाताला वेगळे. शिवाय क्षणभरापूर्वी काय वाजले होते, यावरही ते अवलंबून असते, कारण मंडलातील कंडेन्सरवर त्याचा विद्युतभार शिल्लक असतो.

1995 साली जपानच्या रोलँड कंपनीने ‘व्हीजी-8’ आणले. पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियातील ‘लाइन 6’ने डिजिटल नक्कल करणारा अ‍ॅम्प्लिफायर काढला आणि 1998 साली ‘पॉड’ नावाचे हातभर पेटीचे काम करणारे छोटे यंत्र. लाटा आकड्यांत मोजायच्या आणि गणिताने त्यांचे माथे चपटे करायचे, ही त्यामागची मूळ कल्पना.

पण येथे एक सापळा आहे. सेकंदाला 48,000 नमुने घेतले, तर 24,000 हर्ट्‌झपर्यंतचेच स्वर नीट मांडता येतात. 1,300 हर्ट्‌झच्या स्वराचा पस्तिसावा संनादी 45,500 हर्ट्‌झचा. तो नाहीसा होत नाही, तर दुमडून 48,000 वजा 45,500, म्हणजे 2,500 हर्ट्‌झवर अवतरतो. हा मूळ स्वराच्या पटीत नाही, म्हणून कानाला बेसूर लागतो. चित्रपटात गाडीची चाके उलटी फिरताना दिसतात, त्यातलाच हा प्रकार. यावर उपाय म्हणजे गणित करताना नमुन्यांची संख्या कित्येक पट वाढवायची, नको असलेले उंच स्वर गाळायचे आणि मग संख्या पुन्हा कमी करायची. त्यासाठी वेगवान प्रक्रियक लागतात.

पुढे दोन वाटा झाल्या. एका वाटेने प्रत्येक रोध, कंडेन्सर व व्हॉल्व्हची समीकरणे मांडून ती सोडवली जातात. दुसऱ्या वाटेने खऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला चाचणीचे संकेत देऊन तो काय उत्तर देतो ते नोंदवतात. जर्मनीतील ख्रिस्टोफ केम्पर यांचे 2011 चे यंत्र या दुसऱ्या वाटेचे. फिनलंडमधील आल्टो विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019-20 च्या सुमारास दाखवून दिले, की काही मिनिटांच्या ध्वनिमुद्रणावरूनही कृत्रिम चेताजाल हा स्वभाव शिकू शकते.

एकदा महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाच्या तालमीत एक विद्यार्थी आमच्याकडे रडवेला होऊन आला. “सर, यंत्र बिघडलंय. घरी हेडफोनवर छान वाजत होतं. इथे गोणपाटाखालून आल्यासारखं वाजतंय. साठवलेले पैसे पाण्यात गेले.” त्याने यंत्र सभागृहातील खऱ्या गिटार-अ‍ॅम्प्लिफायरला जोडले होते. आम्ही विचारले, “यात कर्णे किती?” तो म्हणाला, “एकच.” मग थोडे थांबून म्हणाला, “नाही सर, दोन. एक आतला, गणितातला!” गिटारचा कर्णा सुमारे 5,000 हर्ट्‌झच्या वरचे फारसे काही बाहेर सोडत नाही. येथे ही गाळणी दोनदा लागली होती. त्याने आतला कर्णा बंद केला आणि आवाज मोकळा झाला. उलट, हेडफोन लावताना तो बंद राहिला, तर मधमाश्यांसारखी गुणगुण ऐकू येते.

यंत्र बिघडले नव्हते. ते कशाची नक्कल करते आहे, हे फक्त माहीत नव्हते. दोषाची नक्कल करण्यासाठी संशोधकांना तो दोष आधी मोजावा लागला, समजून घ्यावा लागला. विद्यार्थ्याचे उत्तर चुकले की आपण त्यावर फुली मारतो. ती चूक नेमकी कशी घडली, हे त्याच्याकडूनच मांडून घेतले तर?